पानाच्या खालच्या ओळी

आक्का माझी मोठी जाऊ, नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको. मांजरसुंब्याच्या पुढं फाट्यावरून आत गेलं की आमचं गाव. शेत, जनावरं, सासूबाई हे सगळं ती आणि मोठे दीर मिळून बघायचे. आम्ही दोघं नवरा-बायको नोकरीपायी बीडला. मी इथल्या एका ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते.

लग्नानंतर पहिल्यांदा गावी राहायला गेले तेव्हा माझ्या पिशवीत एक कादंबरी होती. दुसऱ्या दिवशी ती जागेवर दिसेना. शोधत शोधत मधल्या खोलीत गेले, तर घरात आणून टाकलेल्या कापसाच्या ढिगाआड आक्का पाठ टेकून बसलेली आणि पुस्तक पार नाकाजवळ धरलेलं. मला बघून ती दचकली नाही. नुसतं ओठावर बोट ठेवलं. सासूबाई ओसरीवर होत्या, आणि बाईनं भरदिवसा वाचत बसणं हे त्यांच्या लेखी दुखण्यापेक्षा वाईट होतं.

पुढं खरोखरच दुखणं आलं. पायांवर सूज चढू लागली, जेवण जाईना, पाण्याची कळशी उचलली तरी दम लागायचा. तपासण्या होईपर्यंत दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या होत्या. किडनी बदलायचं बोलणं निघालं, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून झालं, पण कुणाचीच जुळली नाही. मग उरलं डायलिसिस. आठवड्यातून दोनदा मोठे दीर तिला मोटारसायकलवर फाट्यापर्यंत आणून बसमध्ये बसवून द्यायचे आणि मी बीडच्या स्टँडवर उतरवून घ्यायचे. माझं कॉलेज सकाळचं, त्यामुळं दुपार मोकळी. तिथून रिक्षानं दवाखाना.

डायलिसिसच्या हॉलमध्ये दोन्ही भिंतींना लागून खाटा, प्रत्येक खाटेशेजारी एक मशीन. आक्काच्या डाव्या हातात दोन जाड सुया जायच्या आणि पुढचे चार तास तो हात हलवायचा नाही. एसी इतका गार की ती उन्हाळ्यातही शाल घेऊन यायची. पहिले काही दिवस ती वर पंख्याकडं बघत पडून राहिली. एकदा म्हणाली, "इतका येळ मला जन्मात कुणी दिला न्हाई गं. आन आता दिला तर हात बांधून दिला."

त्यावरून मला सुचलं. पुस्तक धरायला दोन हात लागतात, पण माझ्याकडं एक ई-रीडर होता. वजनाला हलका, एका हातात मावणारा, अंगठा टेकवला की पान उलटतं. फोनवर तिनं वाचून बघितलं होतं, पण त्या उजेडानं तिचं डोकं दुखायचं आणि डोळ्यांतून पाणी यायचं. ई-रीडरची स्क्रीन कागदासारखी शांत असते. मी अक्षरं मोठी करून दिली. आक्कानं तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "ही तर पाटी हाय." त्या दिवसापासून त्याचं नाव पाटी पडलं.

त्या पाटीवर तिनं किती वाचलं याचा हिशेब माझ्याकडं नाही. मी एक पुस्तक घालून द्यायचे, पुढच्या खेपेला ती दुसरं मागायची. घरी मात्र पाटी पिशवीतून बाहेर निघत नसे. "का गं? आता तर तू आजारी आहेस, आता कोण काय बोलणार?" असं मी विचारलं तर म्हणाली, "कुणी बोलत न्हाई. पर तिकडं गेलं की मला कामंच दिसत्यात. हितं मी रिकामी हाय."

मग पाटीनं त्रास द्यायला सुरुवात केली. पहिला त्रास असा की पान उलटलं तरी आधीच्या पानाची अक्षरं अंधूक मागं राहायची. नव्या ओळींच्या फटींतून जुन्या ओळी डोकावायच्या. आक्काला वाटलं आपल्या डोळ्यांत काही झालं. दोन खेपा ती काही बोलली नाही. तिसऱ्या खेपेला पाटी माझ्यापुढं धरून घाबऱ्या आवाजात म्हणाली, "तुला बी दोन-दोन दिसतंय का गं?" मला बी दिसत होतं. ते ऐकून तिनं इतका मोठा सुस्कारा सोडला की सिस्टर वळून बघायला लागली. त्या आजारात एकेक अवयव जात असतो. तिला वाटलं होतं, आता डोळ्यांची पाळी.

त्याला उपाय होता. सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक पानाला स्क्रीन पूर्ण पुसून घ्यायला सांगायचं. मग पान उलटताना क्षणभर सगळं काळं होतं आणि नवं पान स्वच्छ येतं. मधेच कधी पाटी अडकून बसली, काही केल्या हलेना, तर बाजूचं बटण दाबून धरायचं, ती बंद होऊन परत सुरू व्हायची. हेही आक्का शिकली. सलाईनची बाटली संपली हे सिस्टरला सांगावं तशा आवाजात मला सांगायची, "पाटी थिजली गं, जरा दाब."

दिवाळीनंतर ती एकदा बसमधून उतरली तेव्हाच तिचा चेहरा पडलेला होता. बसला तुडुंब गर्दी होती, पिशवीत पाटी आणि जेवणाचा स्टीलचा डबा एकत्र होते आणि कुणाचा तरी गुडघा पिशवीवर दाबला गेला होता. खाटेवर पडल्यावर तिनं पाटी सुरू केली. वरचा भाग ठीक होता. पण तळाला एक काळी चीर आडवी गेली होती आणि तिच्या खाली आदल्या खेपेच्या पानाच्या शेवटच्या ओळी तशाच चिकटून राहिल्या होत्या. पान उलटलं की वरचं बदलायचं, खालच्या ओळी त्याच. त्या वेळी ती नदीवर नाव चालवणाऱ्या एका बाईची कादंबरी वाचत होती. नवरा पलीकडच्या काठाला गेला तो आलाच नाही, आणि ही बाई लोकांना ऐलपैल नेत राहते. अडकलेल्या ओळींमध्ये ती बाई संध्याकाळी घराचं दार ओढून घेते, एवढंच होतं.

आक्का दोन-चार पानं उलटून बघत राहिली. मग म्हणाली, "घ्या. दर पानाला ही बाई दारच लावून घ्यायली."

आणि हसली. मला मात्र हसू आलं नाही. ती पाटी तिच्यासाठी काय होती ते मला ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी मी स्टँडजवळच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदारानं पाटी दिव्याखाली धरली, बोटानं कडेकडेनं दाबून बघितली. "म्याडम, काच फुटली असती तर बदलून दिली असती. हिचा आतला पडदा चेपलाय. आमच्याकडं असले येतच न्हाईत, तर पार्ट कुठून आणू?" कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या मुलीनं पाटी बंद करून चालू करायला लावली, सगळं पुसून पहिल्यासारखं करायला लावलं आणि शेवटी अगदी गोड आवाजात सांगितलं की याची दुरुस्ती होत नाही.

मग घरी बसून मीच खटपट केली. पान आडवं करून बघितलं, तर मेलेला भाग उजव्या बाजूला आला आणि प्रत्येक ओळीचं शेपूट तुटायला लागलं. कडेची कोरी जागा वाढवली, तर चारही बाजूंनी वाढली आणि मधे चिमूटभर मजकूर उरला. अक्षरं बारीक केली तर आक्काला दिसेनात. शेवटी मी माझ्या फोनवर तेच पुस्तक उघडलं.

पुढच्या खेपेपासून आम्ही असं वाचायला लागलो. पाटी आक्काच्या उजव्या हातात. ती मनात वाचत खाली यायची, चिरेपाशी थांबायची आणि शेवटचा शब्द मोठ्यानं सांगायची. मी फोनवर तो शब्द शोधून पुढच्या ओळी वाचून दाखवायचे. तेवढ्यात ती पान उलटायची आणि वरची ओळ ओळखू आली की म्हणायची, "थांब. आलं." मग परत शांतता. मग परत एक शब्द. सुरुवातीला मी म्हणाले, सगळंच मी वाचून दाखवते की. तिनं मान हलवली. "न्हाई. माझं मला वाचू दे. अडलं तेवढंच तू वाच."

शेजारच्या खाटेवर एक काका असायचे. हायवेला त्यांचा ढाबा होता, मुलगा चालवायचा. अंगानं थोराड, पण आजारानं कातडी सैल पडलेली. ते डोळे मिटून पडलेले असत, झोपलेत असंच आम्हाला वाटायचं. एक दिवस डोळे न उघडताच म्हणाले, "बाई, वरचं बी वाचा की जरा. आमच्या वाट्याला नुसतं खालचंच येतंय. काय बी कळंना."

मी ओशाळले. आक्का मात्र उशीवर मान वळवून म्हणाली, "वरचं माझं हाय, काका. थांबा, तुमाला मी सांगते."

आणि ती सांगायला लागली. नावाडीण बाई, तिची आंधळी सासू, नदीपलीकडचा बाजार, पुराच्या पाण्यात वाहून आलेलं वासरू. पुस्तकात हे सगळं जरा जड भाषेत होतं. आक्काच्या तोंडून ते आमच्या गावात घडल्यासारखं व्हायचं. सासू बोलायची ती आमच्या सासूबाईंच्या आवाजात, बाजारातला व्यापारी बोलायचा तो आमच्या आडतवाल्याच्या तोऱ्यात. काका डोळे मिटूनच हुंकार द्यायचे. समोरच्या रांगेतली एक कॉलेजची मुलगी कानातल्या वायरी काढून ऐकायला लागली. सिस्टर मशीनचे आकडे बघायला यायच्या त्या उगाच दोन मिनिटं रेंगाळायच्या. मी वर्गात वीस वर्षं गोष्टी शिकवत आले आहे. असं ऐकणारा वर्ग मला कधी मिळाला नाही.

काका दर खेपेला एकच विचारायचे. "नवरा येतो का हो माघारी?"

"मला तरी कुठं ठावं हाय," आक्का म्हणायची. "तुमी बी कळ काढा, मी बी काढते."

एका सोमवारी काकांच्या खाटेवर दुसरंच माणूस होतं. आक्कानं सिस्टरला विचारलं, काकांची वेळ बदलली का. सिस्टरनं आधी सुया टोचून घेतल्या. मग पट्टी लावत हळूच म्हणाली, "ते आता येत नाहीत, ताई." आक्कानं त्या दिवशी पाटी पिशवीतून काढलीच नाही. शाल गळ्यापर्यंत ओढून ती त्या नव्या माणसाकडं बघत राहिली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "सांगून टाकायला पायजे होतं. पुढची पानं उलटून बघितली असती तर कळलं असतं. त्यात काय एवढं होतं."

कादंबरी तिनं आठवड्याभरात संपवली. नवरा परत येत नाही. तिनं शेवटचा शब्द सांगितला, मी खालच्या ओळी वाचल्या, आणि पुढं पान नव्हतं. तिनं पाटी बंद केली. मग म्हणाली, "बरं झालं काकाला कळलं न्हाई."

श्रावणात ती आमच्याकडं एक दिवस राहिली तेव्हा माझ्या नवऱ्यानं मित्राची गाडी आणून आम्हाला कपिलधारला नेलं. धबधबा भरात होता, गर्दीही तशीच. आक्काला दिवसाकाठी मोजकंच पाणी प्यायची परवानगी होती, तहान लागली की ती बर्फाचा बारका खडा जिभेखाली धरायची. तिला त्या पाण्यासमोर आणलं याचंच मला वाईट वाटायला लागलं. म्हटलं, चल, देवळात बसू. ती कठड्याला धरून उभीच राहिली. तुषारांनी चेहरा ओला झाला होता, तो तिनं पुसला नाही. "बघायला तर बंदी न्हाई ना?" म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नवी पाटी आली. माझ्या नवऱ्यानं मागवली होती, मला आधी सांगितलंही नव्हतं. स्क्रीन मोठी, अक्षरं ठसठशीत, पान उलटायला बाजूला वेगळं बटण. आक्काला फार आनंद झाला. पूर्ण पान वरपासून खालपर्यंत ती एका दमात वाचायला लागली. माझं काम संपलं. मी सोबत उत्तरपत्रिका न्यायला लागले आणि तिच्या पायाशी स्टुलावर बसून तपासत राहायचे. दोघी एकमेकींजवळ बसून आपापलं वाचत होतो. मला तेव्हा ते बरंच वाटलं होतं.

एक दिवस मी मान खाली घालून गुण देत होते तर आक्का म्हणाली, "उजेड."

मला वाटलं तिला दिवा लावायचाय. उठून बटणाकडं निघाले.

"दिवा न्हाई गं. शब्द. उजेड. त्याच्या फुडं काय हाय?"

मी तिच्या हाताकडं बघितलं. नवी पाटी तिनं अशी धरली होती की अंगठा आडवा होऊन पानाच्या खालच्या ओळी झाकल्या जात होत्या. स्क्रीनमध्ये काहीही बिघाड नव्हता. ती माझ्याकडं बघत नव्हती, पाटीकडंच बघत होती. मी फोन काढला, पुस्तक उघडलं, उजेड शब्द शोधला आणि खालच्या ओळी वाचल्या.

"थांब. आलं," ती म्हणाली.

उत्तरपत्रिका मी परत कधी दवाखान्यात नेल्या नाहीत.

थंडी सुरू झाली तशी तिची तब्येत उतरत गेली. मशीनवर असतानाच रक्तदाब खाली यायचा, हातापायांत गोळे यायचे, सिस्टर धावत येऊन पाय चोळायच्या. तिची पानं हळू होत गेली. आधी खालच्या पाच-सहा ओळी माझ्या असायच्या, मग अर्धं पान, मग ती पहिलाच शब्द सांगून पाटी छातीवर पालथी घालायची आणि मी पूर्ण पान वाचायचे. आता वरचंही माझं झालं होतं. तिनं ते मला एकदम दिलं नाही. ओळ-ओळ करून दिलं. शेवटच्या खेपांना मी वाचताना तिच्याकडं बघायचे, ती ऐकतेय की झोपली हे कळायचं नाही. मी थांबले की मात्र तिच्या उजव्या हाताचा अंगठा पाटीच्या कडेवर हलायचा. म्हणजे पान उलट.

ती गेली ती दवाखान्यात नाही. गावाकडं, घरीच, सकाळी जनावरांच्या धारा निघत असताना गेली. मोठ्या दिरांनी फोन माझ्या नवऱ्याला केला. आम्ही पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. मधल्या खोलीत तिला ठेवलं होतं. कापूस तेव्हा विकून झालेला होता, खोली रिकामी होती.

दिवस-कार्य झालं, आम्ही बीडला परत आलो. महिन्याभरानं मोठे दीर तालुक्याच्या कामासाठी आले होते, ते घरी आले. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमच्यात सरळ बोलणं कमीच. काही सांगायचं असलं की ते भावाला सांगायचे आणि मी आक्काला. तो मधला माणूसच आता नव्हता. नवरा ऑफिसात होता. दीर खुर्चीच्या कडेवर बसले आणि पिशवीतून दोन्ही पाट्या काढून त्यांनी टीपॉयवर ठेवल्या.

"तुमचं सामान," ते म्हणाले. "तिकडं कुणाला येत न्हाई."

मी पाणी आणून दिलं. ते प्यायले. पेला त्यांनी टीपॉयवर ठेवला. मग जमिनीकडं बघत म्हणाले, "एक इचारू का?"

"विचारा ना."

"ती घरी आल्यावर मी इचारायचो, आज कसं झालं. ती म्हणायची, झालं. बास. फुडं कवा बोलली न्हाई. मी बी इचारलं न्हाई. तुमी तिथं बसायच्या. चार-चार तास. ती तिथं काय करायची?"

मी सांगितलं. पाटीचं, चिरेचं, ढाबेवाल्या काकांचं सांगितलं. आक्का अख्ख्या हॉलला गोष्ट सांगायची हे सांगितलं. सासूबाईंचा आवाज काढायची हेही सांगितलं. त्यांनी एकदम मान वर केली.

"आमच्या म्हातारीचा?"

"हो."

"ती?"

"हो. अगदी हुबेहूब."

त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. हसू होतं की दुसरं काही, मला सांगता येणार नाही.

"म्हंजी ती हसायची तिथं?" त्यांनी विचारलं.

"हसायची. सगळ्यांना हसवायची."

दीर खिडकीबाहेर बघत राहिले. खाली रस्त्यावर क्लासची पोरं सायकली काढत होती. तिकडंच बघत ते म्हणाले, "घरी न्हाई हसली. दुखणं आल्यापासनं एकदा बी न्हाई." मग गळ्यातला पंचा काढून त्यांनी तोंड पुसलं. "बरं झालं. कुटं तरी हसली."

मी चहा ठेवायला उठले तर ते म्हणाले, नको, बस चुकेल. जिन्यापर्यंत मी त्यांच्यामागं गेले. ते खाली उतरले, फाटकाची कडी त्यांनी नीट लावली आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागले.